निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट की शिक्षा? असं ओळखा

मानसशास्त्राच्या परीक्षेत उदाहरण आलं की आधी एवढंच बघायचं, ते वागणं पुढे वाढलं का कमी झालं. वाढलं तर रिइन्फोर्समेंट (म्हणजे वागण्याला बळ मिळालं), कमी झालं तर शिक्षा, मग कोणी ओरडलं असो वा नसो. मग दुसरा प्रश्न, काही दिलं की काढून घेतलं? दिलं तर पॉझिटिव्ह, काढलं तर निगेटिव्ह, चांगल्या-वाईटाशी याचा काहीही संबंध नाही. सीटबेल्ट लावला की गाडीतला बीप बंद होतो म्हणून आपण लावायला लागतो, हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. मोबाईल काढून घेतला आणि पोराचं उशिरा येणं थांबलं, ही निगेटिव्ह शिक्षा.

आता खरी मजा इथे आहे बघा, दुकानात पोरगं चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून घेऊन देते, पोरगं गप्प. त्याच्या रडण्याला चॉकलेट मिळालं म्हणजे पॉझिटिव्ह, पण आईचं काय? कानाशी चाललेला कलकलाट थांबला ना, म्हणून पुढच्या वेळी ती अजून लवकर देणार, म्हणजे तिच्यासाठी निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. दोघं एकमेकांना शिकवतायत! म्हणून कोणाचं वागणं बघतोय ते उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा, आणि नाव हे सगळं मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरचं टाका, पावलॉवचा कुत्रा आणि लाळ, म्हणजे एखाद्या संकेताची सवय लागून आपोआप होणारी प्रतिक्रिया, हा वेगळा चॅप्टर आहे.