दिव्यांगांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब संसदेत कसा मागावा

दरमहा मिळणाऱ्या अनुदानाविषयी तक्रार असली, की पुण्यातील दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय सवयीने तहसील कार्यालयातील संजय गांधी योजनेच्या शाखेत, महापालिकेच्या समाज विकास विभागात किंवा शहरातच असलेल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात जातात. अडलेले प्रकरण मार्गी लावण्यासाठी हे योग्यच आहे. मात्र अनुदानाचा दर किती असावा, त्यासाठी वर्षाला किती कोटींची तरतूद व्हावी आणि लाभार्थ्यांची मर्यादा कोणी घालावी, हे निर्णय या कार्यालयांत होत नाहीत. त्या निर्णयांना जाब विचारण्याची जागा संसद आणि विधिमंडळ ही आहे, आणि सामान्य नागरिकाला वा छोट्या संस्थेला तिचा वापर करता येतो. पुढील माहिती मुख्यतः संसदेविषयी आहे.

आधी रुपया कोणाचा, ते ठरवा

खात्यात येणारी रक्कम एकच दिसली, तरी तिच्यात दोन सरकारांचा पैसा असू शकतो. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी असून १८ ते ७९ या वयोगटाला तिच्यातून दरमहा ३०० रुपये, तर त्यापुढील वयाच्या व्यक्तींना ५०० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्याची योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये १००० रुपयांवरून १५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. केंद्रीय योजनेत बसणाऱ्या व्यक्तीला केंद्राचे ३०० रुपये आणि उरलेली रक्कम राज्याकडून, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे एकूण अनुदान वाढले म्हणून केंद्राचा वाटा वाढला असे समजू नये. तो २०१२ पासून ३०० रुपयांवरच थांबलेला आहे.

यापुढची गोम अधिक महत्त्वाची आहे. दिव्यांगांचा विषय केंद्रात सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयातील दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाकडे असल्याने बहुतेक निवेदने त्याच मंत्र्यांच्या नावे लिहिली जातात. प्रत्यक्षात हे निवृत्तिवेतन राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचा भाग आहे आणि तो कार्यक्रम ग्रामविकास मंत्रालय चालवते. पर्वती पायथ्याच्या वस्तीत राहणाऱ्या दिव्यांगाचे केंद्रीय निवृत्तिवेतनही ग्रामविकासाच्या अर्थसंकल्पातून येते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. सामाजिक न्याय मंत्र्यांना निवृत्तिवेतनाविषयी प्रश्न विचारला, तर तो दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होण्यात वेळ जातो, किंवा विभागाच्या इतर योजनांची यादी उत्तर म्हणून हाती पडते. साहित्य व उपकरणे, वैश्विक ओळखपत्र, पुनर्वसन संस्थांना अनुदान हे विषय मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाचेच आहेत. राज्यातही असाच दुभंग आहे : डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, पण संजय गांधी योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडेच राहिली.

अर्थसंकल्पातील एकच ओळ वाचा, पण नीट वाचा

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेल्यावर प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमांचे तक्ते, अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतात. भाषण बाजूला ठेवून ग्रामविकास विभागाच्या तक्त्यातील दिव्यांग निवृत्तिवेतनाची ओळ शोधावी. तिच्यासमोर मागच्या एका वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज व सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज असे आकडे असतात. वर्तमानपत्रांत येतो तो बहुधा शेवटचा आकडा. सरकारचा खरा कल मात्र अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाजांतील फरकातून कळतो, कारण वर्षाच्या मध्यावर गाजावाजा न होता केलेली कपात तिथेच दिसते.

या योजनेसाठी २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांत २९० कोटी रुपयांची तरतूद होती. एका व्यक्तीला वर्षाला ३६०० रुपये या हिशेबाने त्यात साधारण ८ लाख लोकांची सोय होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, तर एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार होती. या सर्वच व्यक्ती योजनेला पात्र नाहीत, हे मान्य करूनही हा भागाकार खासदारासमोर ठेवण्याजोगा आहे, कारण तो करायला तज्ज्ञ लागत नाही आणि तो सहज खोडताही येत नाही. दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची एकूण तरतूद याच दोन वर्षांत १२२५.२७ कोटींवरून १२७५ कोटींवर गेली. ही वाढ जेमतेम ४ टक्क्यांची आहे. महागाई वजा केल्यावर तिच्यात काय उरते, तेही मांडावे.

खासदार कोणता गाठावा

पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा खासदार ‘पुण्याचा’ नसतो. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसर व भोसरी शिरूरमध्ये, खडकवासला बारामतीमध्ये, तर पिंपरी व चिंचवड मावळमध्ये आहेत. पुणे मतदारसंघाचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्री सभागृहात प्रश्नांची उत्तरे देतात, विचारत नाहीत. तेव्हा शहराच्या मध्यवर्ती भागातील नागरिकांनी मंत्र्यांना निवेदन अवश्य द्यावे, पण प्रश्नासाठी शेजारच्या मतदारसंघातील खासदाराकडे किंवा राज्यसभेच्या सदस्याकडे जावे. खासदाराला कोणत्याही भागाविषयी प्रश्न विचारता येतो, त्यामुळे यात संकोचाचे कारण नाही.

अधिवेशने सर्वसाधारणपणे जानेवारीअखेर, जुलै आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास सुरू होतात. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. म्हणून तयार मसुदा अधिवेशनाच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात, शक्यतो संसदीय काम पाहणाऱ्या साहाय्यकाच्या हाती पोहोचवावा. हार, शाल आणि छायाचित्र यांत भेटीचा वेळ संपू देऊ नये.

प्रश्न लिहिण्याची रीत

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते व उपप्रश्न विचारता येतात, पण प्रश्नोत्तराचा एक तास संपेपर्यंत त्यांतील मोजकेच पुकारले जातात. आकडेवारी हवी असेल, तर माझ्या मते अतारांकित प्रश्नच बरा : उत्तर लेखी असते, सोबत राज्यनिहाय तक्ता जोडला जातो आणि तो संसदेच्या संकेतस्थळावर कायम उपलब्ध राहतो. मात्र सरकारने फेरविचार करावा असे वाटत असेल, तर लोकसभेत नियम ३७७ खालील सूचना किंवा राज्यसभेत विशेष उल्लेख यांचा, म्हणजे प्रश्न न विचारता विषय सभागृहासमोर मांडण्याचा मार्ग घ्यावा.

लोकसभेतील प्रश्न साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, आरोप किंवा मतप्रदर्शन चालत नाही. ‘सरकार दिव्यांगांकडे दुर्लक्ष करीत आहे, हे खरे आहे काय’ असा प्रश्न एक तर स्वीकारला जात नाही, आणि स्वीकारलाच तर ‘नाही’ आणि त्यापाठोपाठ ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर संपतो. याउलट पुढील मसुदा पाहावा :

‘ग्रामविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (क) इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील ३०० रुपयांच्या दरात २०१२ नंतर वाढ झाली आहे काय व नसल्यास त्याची कारणे, (ख) मागील तीन आर्थिक वर्षांत महाराष्ट्रासाठी ठरवलेली लाभार्थ्यांची मर्यादा, प्रत्यक्ष लाभार्थी व वितरित निधी यांचा वर्षनिहाय तपशील, (ग) ८० वर्षांवरील दिव्यांग व वृद्ध या दोन्ही लाभार्थ्यांना समान, म्हणजे ५०० रुपये निवृत्तिवेतन असताना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मधील तरतुदीचे पालन कसे होते?’

यातील (ग) हा भाग कायद्यावर उभा आहे. दिव्यांग व्यक्तींना मिळणारे साहाय्य इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असले पाहिजे, असे हे कलम सांगते. ४० ते ७९ वर्षांच्या विधवांसाठीच्या केंद्रीय निवृत्तिवेतनाचा दरही ३०० रुपयेच आहे. त्याच्याशी तुलना केली, तर दिव्यांगांचा दर किमान ३७५ रुपये हवा, असा युक्तिवाद करता येतो. कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि सरकार त्यांचाच आधार घेईल, हे लक्षात घेऊन पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्या क्षमतेवर रचावा.

उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य आले, तर निराश होऊ नये. असे वाक्य आश्वासन मानले जाते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि ती झाली की नाही, हे शासकीय आश्वासन समिती पाहते. उत्तराची तारीख व प्रश्न क्रमांक टिपून ठेवावा आणि मुदत उलटल्यावर त्याच खासदारांमार्फत विचारणा करावी.

समित्यांचे अहवाल

बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविनाच एकत्रितपणे मंजूर होतात. खरी तपासणी होते ती विभागसंलग्न स्थायी समित्यांत. अशा समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत या समित्या संबंधित मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून मागण्यांची छाननी करतात. बैठका खुल्या नसतात, पण अहवाल खुला असतो. निवृत्तिवेतनासाठी ग्रामविकास व पंचायती राज समितीचा आणि इतर योजनांसाठी सामाजिक न्याय व सक्षमीकरण समितीचा अहवाल काढावा. ३०० रुपये अपुरे असून दर वाढवावा, अशी शिफारस ग्रामविकास समितीने वारंवार केली आहे. म्हणजे आपली मागणी सर्वपक्षीय समितीनेच उचललेली आहे, हे निवेदनात ठळकपणे सांगता येते.

मूळ अहवालापेक्षाही त्यानंतरचा कार्यवाही अहवाल उपयोगी असतो. शिफारशींवर सरकारने दिलेली उत्तरे त्यात प्रकरणवार लावलेली असतात. स्वीकारलेल्या शिफारशींचे दुसरे प्रकरण चाळावे आणि चौथे प्रकरण बारकाईने वाचावे, कारण सरकारचे जे उत्तर समितीने स्वीकारले नाही, ते तिथे सापडते. संस्थेला समितीच्या सचिवालयाकडे लेखी निवेदनही पाठवता येते. समितीने त्या वर्षी तपासणीसाठी घेतलेल्या विषयाशी ते जुळत असेल, तर ते वाचले जाण्याची शक्यता वाढते. याचिका समितीचा मार्गही आहे, पण लोकसभेत याचिका मांडायची असेल, तर तिच्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि मराठी याचिकेला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

झालेल्या खर्चाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचा २०१७-१८ ते २०२०-२१ या काळाचा लेखापरीक्षण अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. या कार्यक्रमाच्या निधीतून २.८३ कोटी रुपये इतर योजनांच्या प्रसिद्धीकडे वळवल्याचे त्यात नमूद आहे. अशा अहवालातील राज्यनिहाय परिशिष्टे उघडून महाराष्ट्रासमोरील नोंदी वेगळ्या उतरवून घ्याव्यात. जिल्ह्याची आकडेवारी त्यात मिळत नसेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये असते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ती आकडेवारी अधिवेशनापूर्वी हाती आली, तर वरच्या मसुद्यातील (ख) भागाला जोडून द्यावी, म्हणजे मंत्रालयाचा तक्ता आला की दोन्ही आकडे समोरासमोर ठेवता येतील.