इंजिन आणि क्लचचे बोल्ट कसताना: घरी काम करणाऱ्यांसाठी

साताऱ्यात स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला क्लचचे काम आज ना उद्या काढावेच लागते. फुलांच्या हंगामात यवतेश्वरच्या घाटात कासकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली, की चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरली जाते आणि क्लचची प्लेट तिथेच झिजते. गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलणे हे काम, सपाट फरशीची जागा, भक्कम स्टँड आणि पुरेसा वेळ असेल, तर घरी करता येते. मात्र माझ्या पाहण्यात घरचे काम बिघडते ते खोलताना नव्हे, तर जोडताना, आणि बहुतेक वेळा बोल्टच्या शेवटच्या पाव फेऱ्यात.

बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे, हे आधी मनात पक्के बसवावे. कसताना तो किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर परतण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. आपल्याला हवा असतो तो हा ताण. पण घरी तो थेट मोजता येत नाही, म्हणून आपण पाना फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजतो. या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. ताणासाठी उरतो तो जेमतेम १० टक्के. म्हणून आट्यांत गंज किंवा माती असेल, तर टॉर्क रेंच, म्हणजे लावलेला टॉर्क आला की टक् असा आवाज करणारा पाना, ठरलेल्या आकड्यावर वाजतो आणि बोल्ट प्रत्यक्षात ढिला राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर तोच बोल्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो.

यामुळे कसण्याचे निम्मे काम पान्याला हात लावण्याआधीचे असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाचे, बोल्ट गंजलेले सापडतातच. ते आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवून सोडवावेत, वायर ब्रशने घासावेत, ब्रेक क्लीनरने धुवावेत आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरतो की नाही, हे पाहावे. बोटांनी अडणारा बोल्ट पान्याने पुढे ढकलू नये. भोक आंधळे असेल, म्हणजे पलीकडे उघडत नसेल, तर त्यात साचलेले तेल किंवा पाणी हवेच्या दाबाने किंवा कापडाने पूर्ण काढावे. द्रव दाबला जात नाही. बोल्ट खाली उतरताना तो द्रव इंजिनाचा बिडाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतो.

आता आकड्यांविषयी. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका हाच आधार धरावा. सॅन स्टॉर्मसारख्या देशी स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे आहे. अशा वेळी इंजिनाचे आकडे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत शोधावेत. पुस्तिकेत आकडा कोणत्या एककात आहे, हे दोनदा पाहावे: १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेतला आकडा बरोबर वाटतो की नाही, हे ताडून पाहण्यापुरते एवढे लक्षात ठेवावे की ८.८ दर्जाचा, कोरड्या आट्यांचा पोलादी बोल्ट एम६ (म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या) मापात सुमारे १०, एम८ मापात सुमारे २५ आणि एम१० मापात सुमारे ५० न्यूटन-मीटरच्या आसपास कसला जातो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले असते. त्यातला पहिला अंक तुटण्याची ताकद शेकडो मेगापास्कलमध्ये सांगतो, तर दुसरा अंक त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो, हे सांगतो. हरवलेल्या १०.९ च्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट कधीही लावू नये, तो मापाने कितीही चपखल बसला तरी.

एकाच टॉर्क रेंचने सगळी कामे होत नाहीत. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पाना सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाच्या) एम६ बोल्टला लावणे म्हणजे तो तोडणेच होय, म्हणून ५ ते २५ न्यूटन-मीटरचा एक लहान पाना वेगळा घ्यावा. काम झाल्यावर क्लिक पान्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी आणि त्या पान्याने बोल्ट कधी सोडवू नये. असा पाना दर १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर तपासून घेण्याची पद्धत आहे. औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग बनवणाऱ्यांना हे करावेच लागते, त्यामुळे साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याला विचारावे. जुने मिस्त्री हाताच्या अंदाजाने कसतात आणि पोलादी बोल्टवर त्यांचा हात विलक्षण अचूक असतो. पण तो अंदाज हजारो बोल्टांतून आलेला असतो, वर्षातून एकदा पाना धरणाऱ्याला तो उसना घेता येत नाही.

पाना मुठीच्या मध्यावर धरून सावकाश, न थांबता ओढावा आणि पहिल्या आवाजाला थांबावे; खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवल्याने बोल्ट आणखी थोडा फिरतो. शेवटच्या टप्प्यात हात मध्येच थांबला, तर बोल्ट थोडा सैल करून पुन्हा एका ओढीत कसावा, कारण थांबलेला बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो आणि पाना वेळेआधीच वाजतो.

फ्लायव्हीलचे, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या जड चाकाचे, बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. पुस्तिकेत टॉर्कनंतर बोल्ट आणखी किती अंशांच्या कोनात फिरवायचा हे दिले असेल, तर नवे बोल्ट आणूनच कामाला बसावे. काही इंजिनांत ही भोके आत क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे सांगितलेले सीलंट लावले नाही, तर तेल आट्यांतून झिरपून नव्या प्लेटवर येते आणि सगळे काम पुन्हा काढावे लागते. थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) सांगितला असेल तिथे एक थेंब पुरतो, पण आटे तेलविरहित असले पाहिजेत. फ्लायव्हील रोखण्यासाठी दातांत बसणारे योग्य लॉकिंग टूल वापरावे. स्क्रू ड्रायव्हर अडकवून ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर जोर घेऊ नये.

क्लच प्लेट मध्यावर आणणारे टूल लावून, प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तपासून, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारे कव्हर) डॉवेल पिनांवर, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर, बसवावी. तिचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी फक्त अर्धा फेरा, असे कसत जावे. प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग कसताना दाबली जात असते. एका बाजूचा बोल्ट आधी पूर्ण कसला, तर कव्हर वाकडे होते आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. कव्हर फ्लायव्हीलला सर्व बाजूंनी टेकले, की मगच टॉर्क रेंच घ्यावा. जुने कव्हर पुन्हा बसवायचे असेल, तर ते सोडवतानाही हाच क्रम आणि हाच धीर ठेवावा.

गिअरबॉक्स चढवताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण इथे मी स्वतः मोठे नुकसान केले आहे. गिअरबॉक्स इंजिनाला टेकायला बोटभर फट उरली होती, अंधार पडत आला होता, आणि मी ती फट बोल्टांनी ओढून बुजवायचे ठरवले. तिसऱ्या फेऱ्याला बेल हाउसिंगचा कान तडकला. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटमध्ये नीट शिरलेल्या नव्हत्या, एवढेच कारण होते. शाफ्ट थोडा फिरवला असता, तर गिअरबॉक्स हाताने सरकून बसला असता. बोल्ट दोन भाग जवळ आणण्यासाठी नसतात, टेकलेले भाग दाबून धरण्यासाठी असतात. तसेच गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही शाफ्टवर लोंबू देऊ नये, त्याने नवी प्लेट वाकते. त्याखाली जॅक ठेवावा आणि गाडी मात्र स्टँडवरच असावी. ॲल्युमिनियममधले आटे गेलेच, तर जाड बोल्ट घुसवण्यापेक्षा हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारे तारेचे वेटोळे, बसवून घ्यावे. योग्य बसवले, तर ते मूळ आट्यांपेक्षा कमजोर ठरत नाही.

हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट थंड इंजिनावर, पुस्तिकेतल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने कसावेत. हा क्रम साधारणपणे मधून बाहेरच्या बाजूला जातो, म्हणजे गॅस्केट सपाट पसरत जाते. सोडवताना तो उलट असतो. आट्यांना तेल लावायचे की नाही, हे पुस्तिका सांगेल तसेच करावे. कोन मोजण्यासाठी अंशांची तबकडी वापरावी. ती नसेल, तर गोटीवर (पान्याच्या सॉकेटवर) आणि हेडवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ९० अंशांचा कोन बऱ्यापैकी अचूक साधता येतो. पुन्हा वापरता येणाऱ्या बोल्टांची लांबी आधी वर्नियरने मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडावी.

शेवटच्या आकड्यापर्यंत कसलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ नाही, म्हणजे तो बोल्ट अजून राहिला आहे. मदतीला कोणी असेल, तर एकाने पुस्तिकेतला आकडा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पान्यावर लावून तो परत उच्चारावा. पहिली फेरी जवळच मारावी, गाडी थंड झाल्यावर खाली वाकून बाहेरून दिसणाऱ्या रेघा तुटल्या नाहीत ना, हाउसिंगच्या तळाशी तेलाचा थेंब नाही ना, हे पाहावे, आणि मगच ती यवतेश्वरच्या चढाला लावावी.