१/७२ मिग-२१ किट: कटर लावण्याआधीची तपासणी

हे किट म्हणजे मिग-२१ लढाऊ विमानाचं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सुट्या भागांतून जोडायचं प्लॅस्टिकचं मॉडेल. खोका उघडताच भाग तोडायला घेऊ नका. सूचनापत्रातल्या नकाशाशी प्रत्येक स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला चिकटलेले असतात ती प्लॅस्टिकची चौकट, ताडून पाहा; तुटलेले भाग पिशवीच्या तळाशी सापडतात, म्हणून पिशवी फेकायची नाही.

स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातला तेलकट थर राहिला तर रंग टेपसोबत सोलून येतो.

आता प्लॅस्टिक तिरप्या उजेडात धरा. भाग जिथे जाड, तिथे प्लॅस्टिक उशिरा थंड होऊन आक्रसतं आणि वरच्या बाजूला खळगा पडतो. पंखाच्या मुळाशी आणि जोडणीच्या खुंट्यांच्या मागे तो हमखास असतो. पुट्टी जोडणीआधीच भरा. कडेचा पातळ पापुद्रा मात्र ब्लेडने सहज निघतो, त्याची काळजी नको.

खऱ्या मिग-२१ची पंखांची रुंदी ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे ९९ मिलिमीटर. धड नि पंख नुसत्या टेपने जोडून मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या. नाकाचं कडं धडाला बसत नसेल तर ते महत्त्वाचं, कारण तिथली फट समोरूनच दिसते.

कॅनोपीवरचा, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणावरचा, ओरखडा पॉलिशने निघतो, तडा निघत नाही. तडा असेल तर लगेच बदलून मागा.

डिकलवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांवर, भारतीय हवाई दलाची वर्तुळं असतील तर हिरव्या कड्याच्या आतला पांढरा पट्टा सगळीकडे सारख्या जाडीचा हवा. केशरी ठिपका सरकलेला असेल तर छपाई चुकली आहे. ती चूक नंतर कशानेच झाकली जात नाही.