आधी खातं बघा, मग पिशवी उचलू द्या

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात माझी चक्की आहे आणि तिला लागून किराणा. सगळं मीच पाहते. फोनवरचे पैसे मी बरीच वर्षं घेतले नाहीत. शेवटी पोट्टे विचारायला लागले, "मावशी, स्कॅनर काहून नाही ठेवत?" आणि सामान घ्यायला पुढच्या दुकानात जायला लागले. आता माझा अर्ध्याहून जास्त गल्ला यूपीआयवर येतो. गावात दुकान, चक्की, चहाची टपरी असलेल्या बायांसाठी हे लिहिते आहे, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आधी खातं. पीककर्जाचं खातं स्कॅनरला जोडू नका. मी तेच केलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक बसलं, त्या वर्षी कर्ज थकलं आणि बँकेनं खात्यावर होल्ड लावला. कर्ज वावराचं, पण अडकले दळणाचे पैसे. दहा-दहा, वीस-वीस रुपये करून जमलेले. मोठ्या व्यापाऱ्याला माल भरायचे पैसे माझ्याजवळ नव्हते. तेव्हा दुकानासाठी दुसऱ्या बँकेत वेगळं खातं उघडा. सरकारी अनुदान, कापसाचा चुकारा आधार जोडलेल्या खात्यात येतो तो तिकडेच येऊ द्या. खातं उघडताना मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा द्या, पोराचा नाही. पोरगा पुण्याला गेला की ओटीपीसाठी त्याला फोन लावत बसावं लागतं.

स्कॅनरचं स्टिकर बाहेरच्या भिंतीला लावू नका, काउंटरवर आत ठेवा. बाहेर असलं तर रात्रीतून त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवता येतं. मी रोज सकाळी शटर उघडलं की दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून आपलंच नाव येते का ते बघते.

पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा डबा (साउंडबॉक्स) घेताना दोन गोष्टी विचारा: महिन्याचं भाडं किती, आणि आत सिम कोणत्या कंपनीचं. गावात ज्याची रेंज आहे तेच सिम हवं, नाहीतर डबा मुका. लाइन गेली की तो किती वेळ चालतो तेही विचारून घ्या.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. चक्की सुरू असली की डब्याचा आवाज ऐकूच येत नाही. एका संध्याकाळी अनोळखी माणूस आला, 640 रुपयांचं तेल-साखर घेतलं, फोनवर हिरवी खूण दाखवली आणि गेला. रात्री हिशेब केला तर पैसे आलेच नव्हते. तशी खूण कोणालाही बनवता येते. तेव्हापासून कोणाच्याही फोनवर बघायचं नाही, आपल्या ॲपमध्ये रक्कम आणि वेळ बघायची, मगच पिशवी द्यायची. ओळखीच्या माणसालाही वाईट वाटत नाही. "थांब माय, बघून घेते" म्हटलं की थांबतात.

आणि पिन. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, फक्त देताना लागतो. "पैसे पाठवले, पिन टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. चुकून टाकलाच आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कटतात आणि आपल्याकडे येत नाहीत. भांडू नका. वहीत नाव, रक्कम, वेळ लिहा. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की दुकानदाराला दिलेले असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जायला पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. मी हे सांगितलं की माणूस शांत होतो.

माझ्या भाच्यानं नागपूरहून येऊन डिजिटल रुपयानंही माझ्याच स्टिकरवर पैसे दिले. यूपीआय म्हणजे खात्यातून खात्यात पैसे जाणं. डिजिटल रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेची नोटच फोनमधल्या ॲपच्या पाकिटात, त्यावर व्याज नाही. सामान्य लोकांसाठी त्याची चाचणी 1 डिसेंबर 2022 ला सुरू झाली. त्याचे पैसेही माझ्या खात्यातच आले, मला वेगळं काहीच करावं लागलं नाही.

बटणाचा फोन असलेल्या कास्तकारांना परत पाठवू नका. *99# लावून बिना इंटरनेटचे पैसे देता येतात, फक्त तो नंबर बँकेत जोडलेला हवा. आमच्या शेजारच्या आजींना ते जमत नाही. त्यांच्यासाठी मी गल्ल्यात दहाच्या नोटा आणि चिल्लर ठेवतेच.