ऑनलाइन शॉपिंग करताना आपली माहिती आपणच देऊन बसतो, या चुका टाळा

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नुसता कार्ड नंबर चोरून पैसे काढणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कुठल्याही शॉपिंग साइटला तुमचा पूर्ण कार्ड नंबर स्वतःकडे साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन म्हणजे कार्ड नंबरऐवजी दिलेला एक वेगळा कोड असतो आणि तो त्या साइटपुरताच चालतो. तरी रोज लोकांचे पैसे जातायत ना, मग कसे? तर तुमचं नाव, मोबाइल नंबर, पत्ता, काय मागवलं आणि केवढ्याला मागवलं एवढं फसवणाऱ्याकडे आधीच असतं, आणि जे शेवटचं हवं असतं म्हणजे ओटीपी किंवा पिन, ते तो गोड बोलून तुमच्याकडूनच काढून घेतो.

"त्याला माझी ऑर्डर माहीत होती, म्हणून खरा वाटला"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. फोनवरचा माणूस तुमचं नाव घेऊन बोलतो, कालच मागवलेल्या मिक्सरची किंमत बरोबर सांगतो, बिल्डिंगचं नाव सांगतो आणि आपण गाफील होतो. पण ही माहिती गुपित नसतेच हो, ती सेलरकडे असते, गोडाऊनमध्ये असते, कुरिअरच्या ऑफिसात असते आणि खोक्यावरच्या लेबलवर तर छापलेलीच असते. शिवाय कंपन्यांचे डेटाबेस फुटतात ते वेगळंच, 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांचा डेटा विकायला आल्याचं बाहेर आलं होतं, त्यात ईमेल, फोन नंबर, पत्ते असं सगळं होतं. अशी माहिती एकदा बाहेर गेली की परत येत नाही, आणि नंबर काय आपण वर्षानुवर्षं तोच वापरतो.

त्यामुळे त्याला काय काय माहीत आहे यावरून तो कोण आहे हे ठरवू नका. फोन ठेवा, स्वतः ॲप उघडा आणि ऑर्डरचं स्टेटस तिथे बघा. खरंच पेमेंट अडकलं असेल किंवा पत्ता चुकला असेल तर ते ॲपमध्ये दिसेल. "फोन कट करू नका, ऑर्डर कॅन्सल होईल" असं कोणी म्हणालं तर तेव्हाच कट करा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं हीसुद्धा याचीच दुसरी बाजू. रिफंड अडकलाय, चिडचिड झालीय, सर्चमध्ये पहिला दिसेल तो नंबर फिरवला की तो भामट्याचाच निघू शकतो, आणि इथे तर फोन आपण केलेला असतो त्यामुळे संशयसुद्धा येत नाही. नंबर ॲपमधल्या हेल्पमधूनच घ्या.

खोकी तशीच फेकणं

दिवाळीच्या सेलनंतर सोसायटीच्या कचऱ्याजवळ जाऊन बघा, खोक्यांचा ढीग आणि प्रत्येकावर नाव, फ्लॅट नंबर, कधी कधी मोबाइल नंबरपण. तिथून ती भंगारवाल्याकडे जातात, पुढे कुठे जातात कोण बघतंय. पेनाने खोडून भागत नाही, उजेडात तिरकं धरलं तर वाचता येतं. लेबल सोलून बारीक फाडा, बारकोड आणि क्यूआर कोडसकट, दोन मिनिटांचं काम आहे.

डिलिव्हरीचा ओटीपी आणि पैशांचा ओटीपी यात गल्लत

महागड्या वस्तूंना डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी मागतात हे खरं आहे, पण तो पार्सल हातात आल्यावर, दारात. आणि मेसेज पूर्ण वाचायचा, फक्त आकडे नाही! पैसे जाणार असतील तर रक्कम आणि बँकेचं नाव त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. न मागवलेलं पार्सल आलं आणि "मग कॅन्सल करायला ओटीपी द्या" असं म्हणाले तर सरळ सांगा की परत घेऊन जा, ओटीपी मिळणार नाही. घरी आई-बाबा एकटे असतात त्यांना हे आवर्जून सांगून ठेवा, कारण दारात उभ्या असलेल्या पोराला नाही म्हणणं त्यांना जड जातं.

यातला एक प्रकार फारच वाईट आहे. "मी डिलिव्हरी बॉय, पत्ता सापडत नाही, या कोडने फोन लावा" असं म्हणून *21* किंवा *401* ने सुरू होणारा आणि पुढे मोबाइल नंबर असलेला कोड देतात. तो डायल केला की तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात, मग कॉलवर ओटीपी मागवून तो तुमचं व्हॉट्सॲपसुद्धा उघडू शकतो. चुकून केलं असेल तर ##002# डायल करा, सगळं कॉल फॉरवर्डिंग बंद होतं.

"पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर अपडेट करा" हे इंडिया पोस्टच्या नावाने फिरणारे मेसेज खोटे आहेत हे पीआयबीने, म्हणजे सरकारच्या माहिती देणाऱ्या खात्याने, सांगून झालंय तरी लोक अजून क्लिक करतातच. लिंकवर कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी असं नाही, ते चिन्ह खोट्या साइटलापण मिळतं. आणि रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमचेच जाणार.

बाकी छोट्या गोष्टी. कपडे विकणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि मायक्रोफोन कशाला हवेत, परमिशन काढून टाका. ईमेलचा पासवर्ड शॉपिंग साइटला वापरू नका, एक फुटला की दोन्ही गेले. इन्स्टाग्रामवरच्या साडीसाठी कोणी आधारचा फोटो मागत असेल तर दुकान बदला. परदेशातून मागवलेल्या पार्सलला कस्टमसाठी केवायसी लागू शकतं, पण तेही कुरिअर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन करायचं, व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचे नाहीत.

चूक झालीच असेल तर

लाजत बसू नका, घरच्यांना कळेल म्हणून लपवू नका, इथे मिनिटं मोजली जातात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. सोबतच बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲप) इन्स्टॉल केली असेल तर आधी नेट बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, कारण तुमच्या फोनवर येणारे मेसेज भामटा वाचत असू शकतो.

बँकेला कळवल्याचा पुरावा ठेवाच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कोणाची असेल आणि तुम्ही 3 कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रार नोंदवल्याची वेळ आणि नंबर दोन्ही लिहून घ्या, मेसेज डिलीट करू नका, त्या कॉलचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढा आणि मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरची तक्रार पूर्ण करा.