किरणोत्सारी पदार्थ जमिनीखालून किती लांब जाईल, याचा कच्चा हिशोब कसा करायचा

अमेरिकेतल्या हॅनफर्डला १९४३ नंतर बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवलं, तिथे जमिनीत किरणोत्सारी कचऱ्याच्या १७७ टाक्या पुरल्यात आणि त्यातल्या साठाहून जास्त गळल्या असं धरतात. शेजारी कोलंबिया नदी, त्यामुळे सगळे विचारतात की कचरा नदीत कधी पोचणार? पण प्रत्येक मूलद्रव्याची चाल वेगळी असते, म्हणून हिशोबही एकेकाचा वेगळा मांडायचा. खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, हॅनफर्डचे नाहीत.

आधी पाण्याचा वेग काढा. हायड्रॉलिक कंडक्टिव्हिटी (माती पाण्याला किती सहज वाट देते ते) गुणिले पाणीपातळीचा उतार, भागिले सच्छिद्रता (मातीतल्या मोकळ्या जागेचं प्रमाण). कंडक्टिव्हिटी रोज १० मीटर, उतार ०.००२, सच्छिद्रता ०.४ धरली तर पाणी वर्षाला साधारण १८ मीटर सरकतं.

आता केडी, म्हणजे पदार्थ मातीला किती चिकटतो ते. रिटार्डेशन फॅक्टर (पदार्थ पाण्याच्या किती पट हळू जातो ते) = १ + (मातीची कोरडी घनता ÷ सच्छिद्रता) × केडी. घनता १.६ (ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर) आणि स्ट्रॉन्शियम-९० चा केडी १० (मिलिलिटर प्रति ग्रॅम) घेतला तर उत्तर ४१, म्हणजे ते पाण्याच्या ४१ पट हळू जाणार, १ किलोमीटरला सव्वादोन हजार वर्षं, आणि त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) फक्त २९ वर्षांचं, त्यामुळे वाटेतच संपतं. टेक्नेशियम-९९ मात्र ऑक्सिजन असलेल्या पाण्यात जवळजवळ चिकटतच नाही, ५५ वर्षांत पोचतं आणि अर्धायुष्य २ लाख वर्षांवर! खरी काळजी याची करायला हवी.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, केडी कुठल्यातरी तक्त्यातून उचलतात. कृपा करून असं करू नका. सीझियम अभ्रकासारख्या खनिजांना घट्ट धरून बसतं, पण हॅनफर्डच्या टाक्यांतल्या द्रवात सोडियम इतकं प्रचंड होतं की त्यानेच जागा अडवल्या आणि सीझियम अपेक्षेपेक्षा खोल गेलं. युरेनियमचंही तसंच, पाण्यात कार्बोनेट जास्त असलं की ते सुटतं आणि वाहायला लागतं.

म्हणून माती त्याच जागेची आणि पाणीपण तिथलंच आणा. कॉलेजच्या लॅबमध्ये साधं, किरणोत्सारी नसलेलं सीझियम क्लोराईड चालतं, केमिस्ट्री तीच असते. बाटलीत मोजून माती, पाणी आणि हे सीझियम क्लोराईड घाला, पाण्यातलं प्रमाण स्थिर होईपर्यंत हलवत ठेवा, मग गाळून मोजा. दर ग्रॅम मातीने जेवढं धरलं त्याला पाण्यात उरलेल्या प्रमाणाने भागलं की केडी. हे सगळं माती-वाळूच्या गाळाच्या थरांसाठी हं, आपल्याकडच्या बेसॉल्टच्या भेगांतून पाणी वेगळंच पळतं, तिथे हा हिशोब लावू नका. आणि माती न घातलेली एक बाटलीही सोबत लावा, कारण थोडा पदार्थ बाटलीलाच चिकटतो आणि उगाच मातीच्या नावावर जमा होतो.