पिंजऱ्यात कोंबड्या किती? माझा अनुभव

इंदूरजवळ सिमरोलकडे आमचं थोडं शेत आहे. गेल्या पावसाळ्यात गवतावर सरकवायच्या, तळ नसलेल्या पिंजऱ्यात ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) वाढवले. पिंजरा १० बाय १२ फूट, उंची २ फूट. अमेरिकेत शेतकरी जोएल सॅलटिन यांनी रूढ केलेलं हे माप. तिकडे त्यात ७५च्या आसपास पक्षी ठेवतात, म्हणून मीही ७५ सोडले. म्हणजे एका पक्ष्याला जेमतेम दीड चौरस फूट.

तीन आठवड्यांची पिल्लं असेपर्यंत ठीक चाललं. पाचव्या आठवड्यात मात्र सकाळी गेलो की अमोनियाचा वास डोळ्यांत जायचा. पक्ष्यांच्या छातीची पिसं चिखलाने चिकटलेली, आणि दुबळे पक्षी खाद्यापर्यंत पोचतच नव्हते. फार वाईट वाटायचं. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, हा हिशेब मी केलाच नव्हता.

पुढच्या खेपेला ५० पक्षी ठेवले, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ अडीच चौरस फूट. पिंजरा रोज सकाळी हलवायचो. शेवटचे दोन आठवडे संध्याकाळीही, कारण विष्ठा त्या आठवड्यांतच सगळ्यात जास्त पडते. खाद्याची दुसरी पन्हळ लावली. आई म्हणाली, "अरे, आता वास येत नाही बघ."

जागेचं गणित असं: पाच आठवड्यांत ४९ जागा (३५ सकाळच्या, १४ संध्याकाळच्या), प्रत्येकी १२० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. त्या पट्ट्यावर त्या हंगामात पुन्हा पिंजरा नेला नाही. गवत आता तिथे गुडघाभर आहे.